खडपेवाडीच्या पायऱ्या

खडपेवाडीच्या ओढ्यावर सरकारने पायऱ्या बांधून दिल्या, बाजूला लोखंडी कठडा बसवून दिला, तरी त्या गावच्या बायका पडायच्या काही थांबेनात.

"निवृत्तीराव, गाडी काढा," वाघचौरे म्हणाले. "आज सोक्षमोक्ष लावून टाकू."

वाघचौरे म्हणजे तालुक्याचे सांख्यिकी सहायक. आमच्या कोळवटच्या आरोग्य केंद्रातून दर महिन्याला जे आकडे वर जायचे, ते तपासणारा माणूस. बाळंतपणं किती, लशी किती, तापाचे किती, पडून जखमी झालेले किती. त्यांच्या आधीचे सहायक बेरीज जुळली की सही ठोकून चहाला पळायचे. हा बाबा मात्र यादीतली चार नावं उचलायचा आणि थेट त्या माणसाच्या दारात जाऊन उभा राहायचा. 'काय हो, तुम्हाला मागच्या महिन्यात खरंच ताप आला होता का?' लोकांची करमणूक व्हायची. मी केंद्राच्या जीपचा ड्रायव्हर. मीही आरशात बघून हसून घ्यायचो. पन्नाशीला टेकलेला सडाफटिंग माणूस, उन्हाळ्यातसुद्धा गळ्याची गुंडी लावून बसायचा. पण खोटा आकडा दिसला की आईवरून शिवी दिल्यासारखा पेटायचा.

त्या पायऱ्याही त्यांचीच करणी होती. 'पडून जखमी' या सदरात खडपेवाडीचा आकडा तालुक्यात सगळ्यात मोठा, आणि पडणाऱ्या सगळ्या बायका, हे त्यांनी शोधून काढलं. कारण सगळ्यांचं एकच, ओढ्याची घसरट वाट. मग काय, वर पत्रांचा मारा केला आणि पायऱ्या मंजूर करून आणल्या. नारळ फोडला तेव्हा गाव गालातल्या गालात हसत होतं, आणि हे आपले कठडा हलवून त्याची मजबुती बघत होते.

"आता दोनच शक्यता," ते मला म्हणाले. "एक तर ठेकेदाराने पायऱ्या वाकड्या बांधल्यात, नाहीतर तुमच्या सिस्टर आकडा खोटा लिहितात."

भिंगारदेवे सिस्टर दारातच उभ्या होत्या. आमचं केंद्र खऱ्या अर्थाने त्याच चालवायच्या. डॉक्टर उपळेकर नवीन, मिसरूड फुटल्यासारखे दिसणारे, तेही त्यांनाच विचारून औषध लिहायचे.

"साहेब, खडपेवाडीला जाऊ नका," सिस्टर म्हणाल्या. "हात जोडते तुम्हाला."

"का? लपवण्यासारखं आहे का काही?"

"बायका मोठ्या मुश्किलीनं यायला लागल्यात. तुम्ही दारोदार विचारत सुटलात तर यायच्या बंद होतील."

"विचारल्याशिवाय खरं-खोटं कसं कळणार, बाई? आकडा चूक असला तर सगळाच हिशेब चुकतो. चुकीच्या ठिकाणी औषध जातं, चुकीच्या ठिकाणी पायऱ्या होतात."

हे शेवटचं वाक्य ते अगदी साधेपणाने बोलून गेले. सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग खांद्यावरची पिशवी सावरून मागच्या सीटवर येऊन बसल्या. "चला. एकटे गेलात तर घोळ घालून याल."

खडपेवाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतली शे-सव्वाशे घरं. गाडी देवळापुढे लावली तर कट्ट्यावर गावातले बाप्ये बसलेलेच. मधोमध संपत. सरपंचाचा धाकटा भाऊ. एके काळी आखाडा गाजवलेला गडी, आता दूध डेअरीचा चेअरमन. मान अशी की दोन हातांत मावायची नाही.

वाघचौरेंनी यादीतल्या बायकांना ओढ्यावर बोलावून घेतलं. तिघी आल्या. पदर तोंडात धरून उभ्या राहिल्या. त्यात संपतची बायको वत्सला होती, गाव तिला वच्छलावैनी म्हणायचं. आठवड्यापूर्वी तिच्या हाताला प्लास्टर घातलेलं मी बघितलं होतं. तेव्हाही जीपमधून मीच आणली होती तिला, आणि वाटभर ती एकदाही कण्हली नव्हती. करमणूक आहे म्हटल्यावर कट्ट्यावरचे बाप्येही मागोमाग येऊन काठावर उभे राहिले.

"घाबरू नका," वाघचौरे बायकांना म्हणाले. "दोष तुमचा नाही, बांधकामाचा असेल. फक्त कुठल्या पायरीवरून पाय घसरला तेवढं दाखवा."

पहिलीने वरच्या पायरीकडे बोट केलं. दुसरीने तिच्याकडे बघून तिथंच बोट केलं. वाघचौरेंनी खिशातून टेप काढली आणि गुडघे टेकून पायरीची उंची मोजायला लागले. काठावर खसखस पिकली.

"पायरी तर बरोबर आहे," ते उठून म्हणाले. "आणि तुम्ही, वत्सलाताई?"

"हितनंच," ती म्हणाली.

"कशा पडलात? पुढे की मागे?"

"म्होरं."

"पुढे पडलात तर गुडघा फुटायला हवा, तळहात सोलायला हवेत." त्यांनी हातातल्या कागदात बघितलं. "इथे तर पाठ लिहिली आहे. दोन्ही दंड. आणि मनगटाच्या वरचं हाड. हात आडवा धरल्याशिवाय तिथे मार बसत नाही. म्हणजे काहीतरी डोक्यावर येतंय आणि आपण असा हात..."

बोलता बोलता त्यांनी स्वतःचा हात डोक्यावर आडवा धरला. आणि तसाच राहिला तो हात. त्या माणसाचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट त्यांना त्या क्षणी कळली. मला हसू आलं नाही. लाज वाटली.

"साहेब, गाडीत बसा," सिस्टर हळूच म्हणाल्या.

"हे पडणं नाही, सिस्टर."

"गाडीत बसा म्हणते ना मी."

"म्हणजे नोंद चुकीची आहे. सगळ्याच. दुरुस्त कराव्या लागतील."

आता काठावर कुणी हसत नव्हतं. संपत सावकाश दोन पायऱ्या उतरला. "काय दुरुस्त करनार तुमी?"

"कारण," वाघचौरे म्हणाले. "पडून हे खोडायचं आणि मारहाण लिहायचं."

दुसरा कुणी असता तर तोंड शिवून गाडीत बसला असता. पण ह्या माणसाला चुकीचा आकडा समोर दिसत होता, आणि त्यापुढे संपत काय नि त्याची मान काय, काहीच दिसत नव्हतं.

संपतने त्यांना हातही लावला नाही. तो वळला आणि बायकोच्या अंबाड्यात हात घालून तिला पुढे ओढली. "सांग ह्येला. पडलीस का न्हाई?"

"पडले," ती म्हणाली.

"मोठ्यानं सांग की. साहेबास्नी ऐकू येत न्हाई." आणि त्याने तिच्या तोंडात ठेवून दिली. आवाज ओढ्याच्या पलीकडच्या दरडीवरून परत आला. "पडलीस का न्हाई?"

"पडले! पडले वं!"

त्याने दुसरी दिली. मग प्लास्टरचा हात धरून पिरगाळला, तेव्हा मात्र ती ओरडली. गुरासारखी ओरडली. गावातले वीसेक बाप्ये उभे होते, एकजण हलला नाही. एका म्हाताऱ्याने मान फिरवून विडी पेटवली. मी मात्र जीपकडे पळालो. भीतीने नव्हे, सीटखालचा जॅकचा दांडा काढायला.

मी परत येईपर्यंत वाघचौरे मध्ये घुसले होते. आयुष्यात कधी कुणाची कॉलर न धरलेला माणूस. त्यांनी संपतच्या दंडाला दोन्ही हातांनी लोंबकळून धरलं होतं आणि ओरडत होते, "सोडा! अहो, सोडा त्यांना!" संपतने शेजारी उभ्या असलेल्याच्या हातातली काठी हिसकली आणि वत्सलाच्या डोक्यावर उगारली. ती खाली आली तेव्हा मध्ये वाघचौरेंचं डोकं होतं.

कवटीवर काठी बसल्याचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. ते गडगडत चार पायऱ्या खाली गेले आणि कठड्याच्या खांबाला जाऊन अडकले. रक्त डोळ्यांत, कानांत, गळ्याच्या त्या लावलेल्या गुंडीवर.

मी दांडा फिरवत पुढे झालो, तशी माणसं मागे सरली. संपतही क्षणभर थबकला. सरकारी माणसाचं डोकं फुटलं हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. तेवढ्यात सिस्टरनी एका हाताने वत्सलाला धरलं आणि दुसऱ्या हाताने मला खूण केली. मी साहेबांना पाठीवर टाकलं आणि आम्ही निघालो.

जीप मी कशी हाकली ते देवाला ठाऊक. मागे सिस्टरनी साहेबांचं डोकं मांडीवर घेऊन पदराने दाबून धरलं होतं. वत्सला समोरच्या बाकावर, सुजलेल्या तोंडाने बाहेर बघत.

"माहीत होतं तुम्हाला," वाघचौरे पुटपुटले. "सगळं माहीत असून खोटं लिहिलंत."

"हो, लिहिलं," सिस्टर म्हणाल्या. आवाज इतका कडक की मी आरशात बघितलं. "माझ्या आधीच्या सिस्टरनी एकदा खरं लिहिलं होतं. येसू नावाची पोरगी होती. लिहिलं म्हणून पोलिसांना कळवलं. पोलीस आले, चेअरमनच्या ओट्यावर चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी येसूच्या नवऱ्यानं तिला घरात कोंडून तुडवली. पोटात रक्त साचलं होतं तिच्या. दवाखाना एवढा जवळ, पण कुणी तिला आणली नाही, आणि तीही आणा म्हणाली नाही. मेली. त्यानंतर वर्षभर खडपेवाडीची एक बाई केंद्रात आली नाही. तुमच्या कागदावर त्या वर्षी खडपेवाडीत जखमी शून्य. ऑफिसनं आम्हाला शाबासकीचं पत्र पाठवलं होतं, साहेब. भिंतीवर लावलं होतं."

जीप खड्ड्यात आदळली, तसा सिस्टरनी पदर आणखी घट्ट दाबला.

"मी आले आणि घरोघर फिरले. म्हटलं, बायांनो, या. मी 'पडली' असंच लिहीन, पण या. तेव्हा कुठं यायला लागल्या. तुम्ही ज्याला वाढलेला आकडा म्हणता ना, त्या मेल्या नाहीत म्हणून तुमच्या कागदावर दिसतायत."

केंद्रात लसीकरणाचा वार होता. व्हरांड्यात पोरं घेऊन बसलेल्या बायांची ही गर्दी. त्यांच्यातून वाट काढत साहेबांना टेबलावर घेतलं. उपळेकर डॉक्टरांनी हात धुतले आणि टाके घालायला सुरुवात केली. टाका सरळ पडत होता. अर्धं शिवून होतंय तोवर बाहेर मोटरसायकली वाजल्या. सरपंच, त्याची चार माणसं, आणि मागे संपत.

सरपंच मोठा धोरणी माणूस. आवाज चढवायचा नाही कधी. टेबलाजवळ येऊन खुर्ची ओढून बसला.

"लई वाईट झालं, डॉक्टर. साहेब पायऱ्या मोजाय गेले आन त्येंचाच पाय घसरला. समद्या गावानं बघितलं." मग वाघचौरेंकडे वाकून म्हणाला, "व्हय न्हवं साहेब? आमच्या घरच्या बाईला जपायचं आता आमालाच हाय. ती आमच्याबरबरच माघारी येनार. तवा तुमी काय त्ये नीट इचार करून सांगा."

बोलणं गोड होतं, पण त्यातली सुरी सगळ्यांना दिसली. डॉक्टरांची सुई थांबली. नोंद करायला सिस्टर पेन घेऊन उभ्या होत्या. खरं सांगितलं तर सरकारी माणसाला मारलं म्हणून संपत आत जाईल, आज ना उद्या जामिनावर बाहेर येईल, आणि त्याची वाट बघत घरात कोण असेल हे त्या खोलीत प्रत्येकाला कळत होतं.

वाघचौरेंनी रक्ताने चिकटलेला एक डोळा उघडला. बाकावर बसलेल्या वत्सलाकडे बराच वेळ बघितलं.

"पडलो," ते म्हणाले. "पायरीवरून पडलो. लिहा, सिस्टर."

त्यांच्या जागी मी असतो तर सहज खोटं बोललो असतो, त्यात काय मोठं? पण त्या माणसाच्या तोंडून ते ऐकवेना. संपत मोठ्याने हसला. "बगा! सरकारच्या पायऱ्या!"

"खोटं हाय."

एवढं बारीक आवाजात आलं ते, की आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. वत्सला उठून उभी राहिली होती.

"गप बस खाली," संपत म्हणाला.

"बाई, त्ये नका ल्हिऊ," ती सिस्टरना म्हणाली. ओठ फाटला होता, शब्द नीट येत नव्हते. "मी माझ्यापायी खोटं बोलत आले, त्ये माझं मला. पर ह्या मानसानं माझ्यावरचा घाव आपल्या डोक्यावर घेतला. त्येलाबी पडला म्हनायचं? ह्यानं मारलं. साहेबास्नी मारलं, मला मारलं. हातबी ह्यानंच मोडलाय. जात्याच्या खुट्यानं. ल्हिवा."

सिस्टरनी पेन टेकवलं नाही. "वच्छला, एकदा लिहिलं की मागं फिरता येणार नाही."

"मागं हाय काय?"

सिस्टरनी लिहिलं. दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो! तेवढ्यात संपतने सलाईनचा स्टँड उचलला. बाटली खळ्ळकन फुटली. तो वत्सलावर धावला आणि सिस्टर आडव्या आल्या, डावा हात वर करून. अगदी तसाच, डोक्यावर आडवा. हाड मोडल्याचं मी ऐकलं.

दांडा माझ्या हातातच होता. मी संपतच्या गुडघ्यावर हाणला, आणि तो वाकला तसा परत त्याच गुडघ्यावर हाणला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. दुसऱ्यांदा तर जरा जास्तच बरं वाटलं. तो खाली पडला आणि काचांवर लोळत बोंबलायला लागला. सरपंचाची माणसं पुढे सरसावली, पण उपळेकर डॉक्टर, ते मिसरूड फुटलेलं पोरगं, हातात दोरा ओवलेली सुई तशीच धरून मध्ये उभे राहिले. "हा दवाखाना आहे," एवढंच म्हणाले. आणि व्हरांड्यातल्या बाया पोरं काखेत घेऊन दारात, खिडकीत येऊन उभ्या राहिल्या होत्या. सात गावच्या बाया. एकीच्याही तोंडातून शब्द नव्हता, पण सगळ्या बघत होत्या. सरपंचाने ते पाहिलं, हिशेब केला, आणि भावाला तिथेच सोडून मोटरसायकल चालू केली.

पोलीस येईपर्यंत संपतलाही बाकावर घ्यावं लागलं. उजव्या हातात पेन, डावा हात झोळीत, सिस्टर त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"कशानं लागलं?"

"ह्या डायवरनं मारलं की!"

"'पडून' लिहू का?"

"अगं ए बाई, मारलंय मला! दिसत न्हाई का तुला? मारहाण लिव्ह!"

त्यांनी लिहिलं, माझ्या नावासकट. मी तोंड वासून त्यांच्याकडे बघत राहिलो. टेबलावरून वाघचौरे क्षीण आवाजात म्हणाले, "बरोबर आहे नोंद." त्या बरोबर नोंदीपायी पुढे कितीतरी वर्षं मी कोर्टाच्या तारखा खाल्ल्या. तक्रार करायला तोंड नव्हतं.

वत्सला घरी गेली नाही. सिस्टरच्या क्वार्टरमध्ये राहिली. केंद्राच्या दारातून ती ये-जा करताना दिसू लागली आणि खडपेवाडीला त्याची खबर लागली. संपत कोठडीत होता तोवरच दोघीजणी आल्या, त्यातली एक पायऱ्यांवर बोट दाखवणारी होती. मग शेजारच्या वाडीतून आल्या. कुणाचा दात गेलेला, कुणाची बरगडी, एकीच्या पाठीवर उकळत्या आमटीचा डाग, जुना, भरून आलेला. तो दाखवायला कशाला आलीस म्हटलं, तर म्हणाली, "लिहून ठेवा." पोलिसांनाही आता ओट्यावर चहा पिऊन भागेना.

महिनाअखेरीला तालुक्याला मासिक सभा झाली. मी दारात उभा होतो. वरचे साहेब केंद्रागणिक आकडे वाचत होते आणि कोळवटवर येऊन थांबले.

"हे काय आहे, सिस्टर? महिला मारहाण. मागच्या महिन्यापर्यंत तुमच्याकडे शून्य होतं. सलग शून्य! एका महिन्यात असं काय बिघडलं? अख्ख्या जिल्ह्यात तुमचं केंद्र खाली गेलंय. वर काय तोंड दाखवू मी?"

वाघचौरे डोक्याला पट्टी बांधून कोपऱ्यात बसले होते. ते उठायला लागले, पण सिस्टरनी त्यांना हातानेच बसवलं आणि झोळीतला हात सावरत स्वतः उभ्या राहिल्या.

"पुढच्या महिन्यात अजून वाढेल, साहेब," त्या म्हणाल्या. "लांबच्या वाड्यांतल्या बायका अजून यायच्यात."